घरातली गिटार, मंडपातली गिटार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव समितीने आम्हाला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आमचा पेशा लेखापरीक्षणाचा. त्यावर बोललो असतो तर हे सभागृह पंधरा मिनिटांत रिकामे झाले असते. म्हणून ज्या विषयात आम्ही आपणा सर्वांच्या साक्षीने नापास झालो, तोच विषय घेण्याचे ठरविले. २०२३ सालच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या रात्री, येथे गुवाहाटीत आपल्याच मंडपात आम्ही गिटार घेऊन मुलांच्या बँडबरोबर मंचावर बसलो होतो. आपल्यापैकी बहुतेकजण त्या रात्री समोर होते. काय झाले ते आपण पाहिले. का झाले, ते सांगावयाचे राहून गेले आहे.

बँड म्हटले की आमच्या पिढीला प्रथम वरातीतला बँड आठवतो. तो येथे अभिप्रेत नाही. ड्रम, बास गिटार, कीबोर्ड आणि गिटार अशा चौघांचा जो मेळ असतो, तो आजच्या मुलांचा बँड.

१९९५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आम्ही शिलाँगला रुजू झालो. साताऱ्याकडून बी. ए. होऊन आलेल्या माणसाला तेथील दोन गोष्टी आधी जाणवतात. एक पाऊस आणि दुसरी अकाली होणारी संध्याकाळ. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेरी सुटते तीच काळोखात. त्या लांबलचक संध्याकाळींचे करावयाचे काय, हा प्रश्न आमच्या घरमालकीणबाईंनी सोडविला. खासी भाषेत थोरल्या बहिणीला, आणि आदराने कोणत्याही बाईला, 'काँग' म्हणतात. आमच्या काँगच्या घरात माणसे पाच आणि गिटारी तीन होत्या. आपल्याकडे घरात पाटावरवंटा असावा तितक्या सहजपणे तेथे गिटार असते. त्यांच्या धाकट्या मुलाने आम्हाला जी, सी आणि डी अशा तीन कॉर्ड शिकविल्या, आणि पोलीस बाजारातून कलकत्त्याच्या गिव्हसन बनावटीची एक जुनी गिटार घेऊन दिली. तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की पहिला महिनाभर डाव्या हाताची बोटे अक्षरशः सोलून निघाली. कचेरीत पेन धरतानाही ती हुळहुळत.

शिलाँगचे गिटारवेड सर्वांना ठाऊक आहे. लू माजॉ हे तेथील ज्येष्ठ गायक १९७२ पासून बॉब डिलनचा वाढदिवस, म्हणजे २४ मे, गाणी गाऊन साजरा करीत आले. परंतु त्या गावाचे खरे वैशिष्ट्य आम्हाला दिसले ते काँगच्या चर्चमध्ये. १८४१ साली थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी खासी टेकड्यांत आले, आणि त्यांच्या परंपरेबरोबर चार पट्ट्यांचे समूहगान आले. एकच स्तोत्र, परंतु बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार गट चार निरनिराळ्या स्वरावली एकाच वेळी म्हणतात. शेजारचा वेगळे गात असताना आपला स्वर सोडावयाचा नाही आणि शेजाऱ्याकडे कानाडोळाही करावयाचा नाही, हे तेथील मूल सातव्या-आठव्या वर्षीच शिकते. आपल्याकडचे भजन घ्या. शंभर माणसे गातात, पण सारी एकच चाल गातात. शास्त्रीय मैफलीत एक गातो आणि पेटीवाला त्याच्या मागून जातो. त्याला आपण 'साथ' म्हणतो. मागून जाणे हीच त्यातली कला. आम्ही त्या संस्कारात वाढलेलो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आम्ही कौतुकाने ऐकले, आणि खोलीवर परत येऊन एकट्यानेच गिटार वाजवीत बसलो. तेथेच त्या २०२३ च्या रात्रीचे बीज पडले, असे आता वाटते.

१९९८ साली आमचा विवाह झाला. आमच्या सौ. गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या. त्यांचा आवाज काळी चारचा. गिटारीच्या पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावला की जी कॉर्डच्या बोटांनी काळी चार मिळते, हा शोध आम्हाला लागला आणि घरातल्या मैफली सुरू झाल्या. पुढे दिल्ली झाली, भुवनेश्वर झाले, पुन्हा ईशान्य भारत झाला. सरकारी क्वार्टर बदलत गेले, पण रात्रीची जेवणे उरकल्यावर तासभर गिटार आणि भावगीते हा क्रम पंचवीस वर्षे राहिला. श्रीनिवास खळे यांच्या चाली सौ.ना विशेष प्रिय. कानाला सोप्या आणि गळ्याला कठीण अशा त्या चाली असतात. ओळ सम चुकवून उठते आणि अलगद परत येते. आम्ही आमच्या मगदुराप्रमाणे कॉर्ड लावीत असू. लग्नकार्यात, सहलीत, कचेरीच्या निरोपसमारंभात दोघे मिळून एखादे गाणे म्हणत असू आणि लोक मनापासून दाद देत. आपल्याला गिटार येते, असा आमचा समज झाला, त्यात नवल नाही.

घरी वाजविणाऱ्याची सत्ता अमर्याद असते, हे येथे सांगितले पाहिजे. तो स्वतःच ताल, स्वतःच खर्ज, स्वतःच सूर. अंगठ्याने खालच्या जाड तारा, उरलेल्या बोटांनी वरच्या. चुकले की थांबावे, तीच ओळ पुन्हा घ्यावी. अवघड जागा आली की गती किंचित मंद करावी, सोपी आली की पळवावी. दुधावर लक्ष ठेवावे, दारावरची घंटा वाजली तर उठावे. ज्या हिशेबाचे कधी लेखापरीक्षणच झाले नाही असा तो हिशेब. दरसाल जमाखर्च जुळतो, कारण जुळविणारे आपणच असतो.

२०२३ साली मंडळाच्या तरुण मुलामुलींनी गणेशोत्सवात मराठी गाण्यांचा कार्यक्रम बँडसह करण्याचे ठरविले. ड्रम वाजविणारा मुलगा मालीगावच्या रेल्वे वसाहतीतला, कीबोर्डवाला त्याचा मित्र, आणि बास गिटार वाजविणारी मुलगी असमिया. तिला मराठी येत नाही, परंतु आपल्या आरत्या तिला पाठ आहेत. गणपतीपुढे ड्रम आणि गिटार नकोत, पेटी-तबला पुरे, असा आक्षेप कार्यकारिणीत निघाला, हे आपणास स्मरत असेल. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. परंतु आपण ज्या पेटीला घरची म्हणतो तीही युरोपातूनच आलेली. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला आपल्या दारात उभे केले नव्हते. आणि गिटारही आपल्या घरांतून काही काल-परवा शिरलेली नाही. हवाईचे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून गेले. त्यानंतर कितीतरी बंगाली घरांत आडवी हवाईयन गिटार मांडीवर आली. असो. आक्षेप मागे घेतला गेला, आणि मुलांनी आम्हा उभयतांना दोन गाण्यांसाठी बोलाविले.

तालीम दोनदाच झाली आणि तीही आमच्या दिवाणखान्यात. ड्रम आणणे शक्य नव्हते, म्हणून त्या मुलाने सोफ्याच्या हातावर बोटांनी ठेका धरला. सारे सुरळीत झाले. घरात सुरळीत न होण्यासारखे काय असते!

त्या रात्री पहिल्या गाण्याचे ध्रुवपद बरे गेले. मधले संगीत आले आणि आम्हाला वाटले की सर्वजण आमच्या पुढे धावत आहेत. वस्तुतः आम्ही मागे पडत होतो. याचे एक कारण भौतिकशास्त्रातले आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचावर वादकाकडे तोंड केलेला एक छोटा ध्वनिक्षेपक असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. आमच्या बाजूचा मॉनिटर बंद पडला होता, आणि तो असतो कशासाठी हेच ठाऊक नसल्याने आम्ही तक्रारही केली नाही. तेव्हा आम्ही ऐकत होतो तो सभागृहाच्या मागील भिंतीवर आपटून परत येणारा आवाज. भिंत पंचवीस मीटर दूर धरली तर जाऊन-येऊन पन्नास मीटर, म्हणजे सेकंदाचा सातवा हिस्सा. ऐकताना हे अंतर क्षुल्लक वाटते. परंतु मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या सहा दशांशांची असते, आणि तिचा चौथा भाग असा भिंतीकडे जाऊन येण्यातच खर्ची पडतो. आम्ही इमानेइतबारे भिंतीला साथ करीत होतो.

परंतु भिंतीवर सारा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. दुसऱ्या कडव्यात बी मायनर ही कॉर्ड येते. तिच्यासाठी तर्जनी आडवी टाकून एका पडद्यावरच्या तारा एकदम दाबाव्या लागतात. आमची तर्जनी तेथे नेहमीच जरा उशिरा पोहोचते. घरी ते कधी कळले नव्हते. मंचावर कळले. कॉर्ड उशिरा लागली, सौ. ओळ उचलण्यापूर्वी क्षणभर थांबल्या, आणि तेवढ्यात ड्रम व बास पुढे निघून गेले. मग आम्ही आयुष्यातील सर्वांत मोठी चूक केली. घरच्या सवयीने थांबलो आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागलो. तिघे एका ठिकाणी, आम्ही दुसऱ्या ठिकाणी, आणि सौ. या दोहोंच्या मध्ये. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि त्या गावयाच्या थांबल्या. ड्रम वाजविणाऱ्या मुलाने शहाणपणाने चार ठोके देऊन गाणे संपविले. दुसरे गाणे झालेच नाही. आपण टाळ्या वाजविल्या. आपल्या सौजन्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, परंतु खोटे कशाला बोला, त्या टाळ्या आम्हाला फार दिवस ऐकू येत होत्या.

सौ. काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर कोजागिरीला झाले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाले, कोणी गाण्याचा आग्रह केला की 'घसा बसलाय' म्हणू लागल्या. घरी गिटार काढली की त्यांना नेमके कपाट आवरावयाचे असे. चूक आमची होती आणि आवाज त्यांचा बंद झाला होता. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या एका गोष्टीवर कधी वाद झाला नाही, तीच अबोल झाली, याचे आम्हाला अतोनात वाईट वाटे. बोलून दाखविण्याचे धैर्य नव्हते.

फेब्रुवारीत एका रविवारी मुले घरी आली. पुन्हा बसवू या, असा त्यांचा आग्रह. मोठ्या मिनतवारीने सौ. गावयास बसल्या. ड्रम वाजविणाऱ्या मुलाने मोबाइलवर मेट्रोनोम लावला, म्हणजे ठराविक गतीने टिकटिकणारे तालयंत्र, आणि तो नुसता ऐकत राहिला. दुसरे कडवे झाले. त्याने ते पुन्हा म्हणावयास लावले. मग म्हणाला, "काका, काकू तुमच्यासाठी रुकतात."

गुवाहाटीत वाढलेल्या मुलांचे मराठी असे असते. त्या दिवशी दुरुस्त करण्याचे आम्हाला सुचले नाही. त्याने दाखवून दिले ते असे: बी मायनरच्या आधीच्या शब्दावर सौ. अर्धी मात्रा रेंगाळतात. आमची तर्जनी पोहोचली की पुढे जातात. इतक्या बेमालूमपणे, की ती चालीतलीच हरकत वाटावी. आम्ही थक्क होऊन सौ.कडे पाहिले. त्या चहाच्या कपबशा गोळा करीत होत्या. म्हणाल्या, "मग काय करणार? ह्यांचे बोट येईपर्यंत थांबायला नको?"

त्यांना पंचवीस वर्षे ठाऊक होते. आम्हाला एकदाही कळले नव्हते. गाणारा पुढे आणि वाजविणारा त्याच्या मागे, अशी साथीची व्याख्या आम्ही चारचौघांत करीत आलो. आमच्या घरात साथ उलट दिशेने चालली होती.

त्यानंतरचे सहा महिने आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. या वयात मेट्रोनोमपुढे बसणे म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याकडून खुलासा मागविला जाण्यासारखे आहे. यंत्र रागावत नाही, पण ऐकूनही घेत नाही. मिनिटाला साठ मात्रांपासून प्रारंभ केला. मुलांनी नियम घातला की चुकले तरी थांबावयाचे नाही. उजवा हात चालू ठेवावयाचा, डाव्या हाताने तारा नुसत्या झाकल्या तरी चालेल, परंतु ठेका तुटता कामा नये. चुकीचा स्वर श्रोता विसरतो, तुटलेला ताल विसरत नाही. हे सांगणे सोपे आहे. तीस वर्षे ज्याने चूक दिसताच लाल शाईने खूण केली आणि फाइल परत पाठविली, त्याला चूक मागे टाकून पुढे जाणे किती जड जाते, ते आमचे आम्हालाच ठाऊक.

त्याहून जड गेले ते न वाजविणे. बास वाजविणाऱ्या मुलीने हिंदीत, अत्यंत अदबीने, आम्हाला सांगितले की काकांनी खालच्या जाड तारा सोडून द्याव्यात, त्या तिच्या. बास गिटारच्या चार तारा गिटारीच्या खालच्या चार तारांच्याच, फक्त एक सप्तक खाली. दोघांनी तेथे गर्दी केली की सारा खर्ज गढूळ होतो. कीबोर्डवाल्याने मधले स्वर घेतले. मग आमच्याकडे उरले काय? वरच्या तीन तारा, आणि त्याही प्रत्येक मात्रेला नव्हेत. पंचवीस वर्षे जे एकछत्री राज्य केले, त्यातला एक तालुका तेवढा आमच्या हाती राहिला. प्रथम अपमान वाटला. नंतर जुनी चित्रपटगीते पुन्हा ऐकली, तेव्हा उमज पडला. 'अमर प्रेम' (१९७२) मधील नावेतल्या गाण्याच्या आरंभीची गिटार भानू गुप्ता यांची. घरोघरी गिटार शिकणारा प्रत्येकजण तिची नक्कल करतो, आम्हीही केली आहे. परंतु तेवढे स्वर देऊन ती गिटार किती शहाणपणाने मागे सरते, ते आम्ही कधी ऐकलेच नव्हते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांची तेथे मोठी परंपरा. त्या स्वरलेखनात वाजवावयाच्या स्वरांइतक्याच काटेकोरपणे विरामही लिहिलेले असतात. एखाद्या वादकाच्या कागदावर कित्येक मात्रा नुसते थांबणे असते, आणि त्या थांबण्याचेही त्याला मानधन मिळत असे! आम्ही ते फुकट शिकत होतो.

२०२४ चा गणेशोत्सव आला. मंचावर चढताच आम्ही प्रथम मॉनिटर चालू आहे की नाही ते पाहिले. गिटारीच्या पोकळीवर रबरी झाकण बसविले, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा आवाज तिच्यात शिरून ती घुमत नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड फुगते, वर मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने तारा सैल पडतात, म्हणून कार्यक्रमाच्या अगदी आधी पुन्हा सुरात लावली. हात थंड पडले होते. छातीतली धडधड वाढली की हात गाणे पळवू लागतो, असे मुलांनी बजाविले होते. त्या मुलाने काठीवर काठी आपटून चार मोजले आणि गाणे सुरू झाले. भिंतीकडे आम्ही कान दिला नाही.

काय सांगावे? चारजणांचा ताल एकदा पायाखाली आला की गिटार हलकी होते. घरी सगळा भार आपल्या बोटांवर असतो. येथे आपण स्वर दिला नाही तरी गाणे चालतेच, आणि म्हणून जो दिला त्याला काही अर्थ येतो. सौ. माइकपुढे ताठ उभ्या होत्या. पहिल्या ओळीत आवाज किंचित कापला, मग लागला. दुसरे कडवे आले. त्या शब्दावर त्या थांबल्या नाहीत. ओळ तशीच पुढे निघून गेली, आणि ती इतकी सुंदर आहे हे आम्हाला प्रथमच कळले. पंचवीस वर्षे आमच्या बोटाने ती मध्येच अडवून धरली होती.

यावरून घरचे वादन कमी दर्जाचे, असे आम्ही म्हणत आहो, असा गैरसमज कृपया नसावा. आजही जेवणानंतर गिटार निघते. आता तर्जनी बहुतेक वेळेवर पोहोचते. तरीही सौ. त्या शब्दावर पूर्वीसारख्याच अर्धी मात्रा रेंगाळतात. मुलांच्या बँडबरोबर नाही, फक्त घरी. ती सवय आहे की आणखी काही, हे आम्ही विचारलेले नाही, आणि त्या जागी मेट्रोनोम लावण्याचा आमचा विचारही नाही.

एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली आहे. त्या रात्री आपण सर्वांनी 'आणखी एक' म्हणून आग्रह केला, दुसरे गाणेही झाले, आणि घरी परतताना रिक्षात सौ. आम्हाला म्हणाल्या, "अहो, तुमचा तो बी मायनर आज अगदी वेळेवर आला हो!" आम्ही मान डोलावली. त्या आज समोरच, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा सर्वांदेखत कबूल करतो की तो बी मायनर बासचा आणि कीबोर्डचा होता. आम्ही त्या जागी वाजविलेच नव्हते.